कॉटपासून सात पावलं

“…आणि पांढऱ्यात?”

“सुया, पाती. जे जे टोचतं आणि कापतं ते सगळं,” हर्षदा म्हणाली. “सुई आधी कटरमध्ये कापायची, मग डब्यात टाकायची. डबा पाऊण भरला की बंद. एकदा टाकलेलं परत बाहेर काढायचं नाही.”

मार्था सिस्टरांनी मान हलवली. पिवळ्या डब्यात काय, लालमध्ये काय, निळ्यात काय, हे आधीच विचारून झालं होतं आणि एकही उत्तर चुकलं नव्हतं. चुकणार तरी कसं? हर्षदा रणपिसे परीक्षेला बसली की बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरासाठी झगडायचं, अशी तिची ख्याती होती, आणि ती ख्याती तिला पुरेपूर माहीत होती.

घाटाखालचा हा दवाखाना तसा लहानच. एक डॉक्टर, दोन नर्स, एक आया. पण कचऱ्याच्या बाबतीत सगळ्या तालुक्यात त्याचं नाव होतं, आणि ते नाव हर्षदानं कमावलं होतं. दारातून आत आलं की डाव्या हाताला चार रंगांचे चार डबे एका रांगेत. झाकणं पुसलेली. वर तिनं स्वतः रंगवलेला तक्ता. तालुक्याचे साहेब आले तेव्हा त्या डब्यांशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला होता.

आता बाकीच्या अकरा दवाखान्यांतल्या नर्सना हेच शिकवायचं होतं. कोणी शिकवायचं, ते मार्था सिस्टर ठरवणार होत्या.

मार्था पाटोळेंना निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्सिंग शिकल्या आणि पुढे जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांना त्यांनी शिकवलं. फिकी सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं पुरुषी घड्याळ, आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांचा शब्द साहेबसुद्धा खाली पडू देत नसत.

“कुणाच्या हाताखाली शिकलीस?” त्यांनी विचारलं.

“कसबे सिस्टरांच्या. जिल्ह्याच्या वॉर्डात, दोन वर्षं.”

हे सांगताना हर्षदाची मान थोडी वर झाली. कसबे सिस्टरांच्या हाताखालून निघालेली मुलगी म्हणजे तावूनसुलाखून निघालेली, असं सगळे मानत. मार्था सिस्टर मात्र खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या.

हर्षदाला वाटलं होतं, निदान ‘छान’ तरी म्हणतील.

त्या आज आल्या होत्या त्याला आणखी एक कारण होतं. ते टेबलावर पेपरवेटखाली पडलेलं होतं. एका पानाचा अहवाल, आणि खाली त्यांच्या सहीसाठी सोडलेली जागा; तपासून सही करायचं काम साहेबांनी त्यांच्यावर सोपवलं होतं.

अहवाल गयाबाई उमाप हिच्याविषयी होता. गयाबाई या दवाखान्यातली आया, कंत्राटावरची. चार महिन्यांपूर्वी तिच्या बोटात वापरलेली सुई घुसली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिचे डोळे पिवळे झाले, आणि गेले नऊ दिवस ती जिल्ह्याच्या इस्पितळात पडून होती. रक्तातून येणारी कावीळ. यकृत धरलं होतं.

त्या काविळीची लस दवाखान्यात सगळ्यांनी घेतली होती. गयाबाईनं घेतली नव्हती. लसीची यादी हर्षदानंच केली होती, आणि छापील कागदावर कंत्राटी माणसांसाठी रकानाच नव्हता.

अहवालात लिहिलं होतं, की सदर आया सलाईनच्या रिकाम्या बाटल्या भंगारात देण्यासाठी काढून घेत असे, त्यासाठी तिनं कचऱ्याच्या पिशवीत हात घातला आणि स्वतःच्या निष्काळजीपणामुळे तिला इजा झाली.

अक्षर हर्षदाचं होतं. सुंदर, गोल, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

मार्था सिस्टरांची सही झाली की डॉक्टर एक वाजता तो कागद तालुक्याला घेऊन जाणार होते. मग गयाबाईचं काम सुटणार होतं. दुखणंही तिचं तिनं भोगायचं, आणि वर चोरीचा डाग. सही झाली नाही, तर मात्र सुई कुणाची होती हे शोधावं लागणार होतं.

एक गोष्ट हर्षदाच्या बाजूनं सांगायलाच हवी. ती खोटं बोलत नव्हती. जे लिहिलं होतं ते तिला मनापासून खरं वाटत होतं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच जास्त वाईट झालं.

“तू पाहिलंस तिला पिशवीत हात घालताना?” मार्था सिस्टरांनी विचारलं.

“पाहिलं नाही. पण बाटल्या कमी भरतात, सिस्टर. सगळीकडच्या आया हेच करतात.”

“तिला विचारलंस?”

“विचारलं ना. म्हणाली, चादर घालताना टोचलं.” हर्षदाला हसू आवरलं नाही. “चादरीत सुया असतात का, सिस्टर? इथे?”

तिनं हात पसरून खोली दाखवली. फरशी लखलखत होती.



मार्था सिस्टर उठल्या. खिडकीखाली तपासणीची कॉट होती, तिच्यापाशी गेल्या. तिथून वळल्या आणि हळूहळू डब्यांपर्यंत चालत आल्या. पुन्हा कॉटपाशी गेल्या. म्हातारीचे पाय आखडले असतील, असं हर्षदाला वाटलं, आणि तिनं आधाराला हात पुढे केला. मार्था सिस्टरांनी तो बाजूला सारला.

“सात,” त्या म्हणाल्या, आणि कॉटजवळच्या स्टुलावर बसल्या.

तो गरोदर बायांच्या तपासणीचा वार होता. दहा वाजता पाच जणी आल्या. वस्तीवरून चालत आलेल्या, दमलेल्या, एकीच्या कडेवर आधीचं मूल. सगळ्यांचं रक्त घ्यायचं होतं.

आणि इथे कबूल करायला हवं, की हर्षदाचा हात खरोखर सोन्याचा होता. शीर सापडत नाही म्हणून दुसरीकडे दोनदोनदा टोचून घेतलेल्या बाया तिच्याकडे आल्या की डोळे मिटेपर्यंत काम झालेलं असायचं. ती कॉटच्या कडेला वाकायची, बाईच्या दंडाला रबरी पट्टी बांधायची, घरची विचारपूस करत करत सुई कधी आत गेली ते कळू द्यायची नाही.

मग सिरिंजवरून सुई काढून घ्यायची आणि रक्त काचेच्या बाटलीच्या कडेनं अगदी हळू सोडायची. सुई तशीच ठेवून रक्त सोडलं तर ते बारीक भोकातून जोरानं जातं, फुटतं, आणि तपासणी चुकते. कितीतरी नर्स ही काळजी घेत नाहीत. हर्षदा घ्यायची.

मार्था सिस्टर स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्या बाईच्या दंडाकडे बघत नव्हत्या, डब्यांकडेही नाही. त्यांची नजर हर्षदाच्या हातांवर होती.

तिसऱ्या बाईला भोवळ आली. हर्षदानं तिला सावरलं, पाणी दिलं, कुशीवर वळवून निजवलं. चौथीच्या कडेवरचं मूल आईचं रक्त बघून किंचाळायला लागलं, तर त्याला सुई नसलेली कोरी सिरिंज खेळायला दिली. पाचवीचं झालं तेव्हा साडेअकरा वाजत आले होते. हर्षदानं सुया गोळा केल्या, डब्यांपाशी गेली, कटर एकामागून एक वाजला. मग हात धुऊन, पुसत पुसत ती परत आली. आपण काय केलं ते म्हातारीनं बघितलंय, आता तरी तोंडातून शब्द फुटेल, अशी तिची अपेक्षा होती.

“रक्त बाटलीत सोडायच्या आधी सुई काढलीस,” मार्था सिस्टर म्हणाल्या.

“हो. नाहीतर फुटतं.”

“एका हातात सिरिंज.”

“हो.”

“दुसऱ्या हातात बाटली.”

“हो, सिस्टर.”

“मग सुई कुठे होती?”

हर्षदा उत्तर द्यायला गेली आणि थांबली. असला प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता. पुस्तकात तो नव्हता, परीक्षेत नव्हता, तक्त्यावरही नव्हता.

“ट्रेमध्ये,” ती म्हणाली.

मार्था सिस्टरांनी ट्रेकडे बघितलं. तो पलीकडच्या टेबलावर होता. तिथून हात पोचण्यासारखा नव्हता.

“ठेवली असेल कुठेतरी, सिस्टर. क्षणभर. नंतर टाकलीच ना सगळी? तुमच्यासमोर टाकली.”

“टाकलीस,” मार्था सिस्टर म्हणाल्या. “टाकण्याआधीचं विचारतेय.”

हर्षदा चिडली. ती नाकावर माशी बसू न देणारी, आणि समोर बसलेल्या बाईनं सोळा वर्षांत हातात सुई धरलेली नाही, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण अहवालावर सही व्हायची होती. अकरा दवाखाने त्या एका सहीच्या पलीकडे होते. 

मार्था सिस्टर उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी कमरेवर हात ठेवला.

“मला जरा पडायचंय. ही चादर बदल.”

हर्षदानं इकडेतिकडे बघितलं. चादर बदलणं हे तिचं काम नव्हतं. गयाबाई इस्पितळात गेल्यापासून ते कोणाचंच काम राहिलं नव्हतं. जुन्या चादरीवरच दुसरी पसरून दिवस काढणं चाललं होतं. पण एवढ्या वयाच्या बाईला नाही कसं म्हणणार? तिनं कपाटातून धुतलेली चादर आणली, वरची काढली, खालची काढली, नवी झटकून पसरली. चादर घालायला काय अक्कल लागते, असा तिचा सगळा आविर्भाव होता.

“खोच,” मार्था सिस्टर म्हणाल्या. “नाहीतर वळते अंगाखाली.”

हर्षदा कॉटशी वाकली. ती ज्या बाजूला रोज उभी राहायची त्याच बाजूला, बाया जिथे दंड ठेवतात तिथे. तिनं चादरीची कड डाव्या हातात धरली. उजवा हात उपडा केला, बोटं एकत्र केली आणि गादीच्या कडेखाली घालायला पुढे नेली.

हात पुढे जाईना.

तिनं पुन्हा नेला. गादीपासून चार बोटांवर तो पुन्हा थांबला, आपण होऊन आखडला. तिच्या तोंडाला काही माहीत नव्हतं, डोक्यालाही नव्हतं. हाताला माहीत होतं.



“खोच ना,” मार्था सिस्टर म्हणाल्या.

“हातमोजे घालते आधी.” हर्षदाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. “जाड मोजे आलेत ना आपल्याकडे. कपाटात आहेत.”

“गयाबाईला दिले होतेस?”

 मोज्यांचं खोकं अजून फोडलेलं नव्हतं. पाहणीला साहेब आले की दाखवायला ते तसंच ठेवलं होतं.

“आणि त्या मोज्यातून सुई जात नाही?” मार्था सिस्टरांनी विचारलं.

हर्षदा गुडघ्यांवर बसली. तिनं चादर वर उचलली आणि गादीच्या कडेकडे बघितलं.

रेक्झिनची शिवण वीतभर उसवलेली होती. तिच्या आजूबाजूला बारीक बारीक भोकं होती. दहावीस नव्हेत, सगळी कड भोकांनी भरलेली होती. वर्षानुवर्षं त्याच जागी, त्याच उंचीवर काहीतरी टोचून ठेवल्याशिवाय अशी भोकं पडत नाहीत. आणि उसवलेल्या शिवणीत, काथ्यात, एक सुई अडकलेली होती. तिच्या हिरव्या बुडाशी रक्त अजून ओलं होतं.

ती आजची होती. तिसरी बाई भोवळ येऊन आडवी झाली, तिला कुशीवर वळवताना चादर ओढली गेली, आणि सुई चादरीतून निसटून आत सरकली.

आत आणखी तीन होत्या. गंजलेल्या.

हर्षदा बघत राहिली. आता तिला आपला डावा हात दिसला, मघाचा, कालचा, गेल्या सहा वर्षांतला. सिरिंजवरून सुई काढायची, गादीच्या कडेत खोचायची, बाटली उचलायची. इतकं सोपं. पाचसहा जणींचं झालं की मग सगळ्या सुया उपटून एकदमच सात पावलं चालायचं, एकेका सुईसाठी कोण चालणार? डबे दारापाशी छान दिसत होते. ते तिथून हलवावेत असं तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

आणि तिला चार महिन्यांपूर्वीचा दिवस आठवला. ती टेबलाशी बसून तक्ता रंगवत होती, पिवळ्या डब्याच्या चित्रात रंग भरत होती. गयाबाई दारात येऊन उभी राहिली. मधलं बोट दुसऱ्या हातात धरलेलं. “शिष्टर, कायतरी टोचलं बगा.”

रंग रेषेबाहेर जाईल म्हणून हर्षदानं मान वर केली नव्हती. साबणानं धू, म्हणाली होती. आणि मग, पिशवीत हात घातला असशील बाटल्यांसाठी. गयाबाई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग गेली. चोवीस तासांच्या आत इंजेक्शन दिलं असतं तर बहुधा निभावलं असतं. हा नियम हर्षदाला तोंडपाठ होता. परीक्षेत त्याच प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण होते.

 ती तशीच जमिनीवर बसून राहिली.

“तुम्हाला कसं कळलं?” तिनं विचारलं.

मार्था सिस्टर स्टुलावर बसल्या. आडवं पडायचं त्या विसरून गेल्या होत्या, किंवा त्यांना पडायचंच नव्हतं.

“काल गेले होते तिच्याकडे,” त्या म्हणाल्या. “शुद्ध नाही. मला ओळखलं नाही, लेकीलाही ओळखत नाही. पण हात चालतोय तिचा. सारखी गादीच्या कडेला चादर खोचतेय… आणि मधलं बोट तेवढं वर धरलेलं.”

हर्षदानं डोळे मिटून घेतले. मिटले तरी ते बोट दिसतच राहिलं. नऊ दिवसांत ती एकदाही इस्पितळात गेली नव्हती. अहवाल लिहायचा होता, एवढंच.

“वाचेल ती?”

मार्था सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. वेळ बघायला नव्हे. नुसत्याच…

“गादीत सुई खोचायला तुला कोणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही.” मग हर्षदा थबकली. तिला जिल्ह्याचा वॉर्ड आठवला, पन्नास खाटांची रांग, आणि कसबे सिस्टरांचे झरझर चालणारे हात. त्या हातांसारखे हात व्हावेत म्हणून ती दोन वर्षं त्यांच्यामागे सावलीसारखी फिरली होती. बाटली डाव्या हातात. सिरिंज उजव्या हातात. आणि सुई…

“कसबे सिस्टरांनी,” ती म्हणाली. “म्हणजे, शिकवलं नाही. त्या करायच्या. मी बघायची.”

“तिलाही कोणी शिकवलं नाही,” मार्था सिस्टर म्हणाल्या. “मी करायची. ती बघायची.”

हर्षदानं वर बघितलं. म्हातारीचा चेहरा जसा सकाळी होता तसाच होता. पण मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट अडकवलेले होते, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती. या बाईनं जिल्ह्यातल्या किती जणींना शिकवलं असेल, आणि त्यांनी पुढे किती जणींना, याचा विचार हर्षदाच्या मनात आला. किती गाद्या. किती आया. त्यांतल्या कितींनी दारात येऊन काहीतरी टोचलं म्हणून सांगितलं असेल, आणि कितींनी तेही नाही.

पाऊण वाजला. बाहेर डॉक्टरांनी गाडी पुसायला घेतल्याचा आवाज आला.

हर्षदा उठली. चिमट्यानं तिनं काथ्यातल्या चारही सुया एकेक करून काढल्या, पेल्यात ठेवल्या, आणि त्या पेल्यासह डब्यांपाशी गेली. सुया कापून टाकल्या. मग तिनं कटर आणि तो पांढरा डबा उचलला. रांगेत एक खाच पडली, दात पडल्यासारखी. डबा घेऊन ती सात पावलं परत आली आणि तो तिनं कॉटच्या उशालगत, जिथे तिचा डावा हात आपोआप जायचा तिथे, खुर्चीवर ठेवला.

मग ती टेबलाशी बसली. पेपरवेट बाजूला केला. आपलं सुंदर अक्षर तिनं एकदा वाचलं आणि त्यावर उभ्याआडव्या रेघा मारल्या. खाली लिहायला सुरुवात केली. अक्षर वाकडं येत होतं. गयाबाई उमाप चादर घालत होती, असं लिहिलं. तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, असं लिहिलं. लसीच्या यादीचं लिहिलं. बाटल्यांचा आरोप मी काहीही न बघता केला, असंही लिहिलं. शेवटचं वाक्य तिनं वेगळ्या ओळीवर लिहिलं.

सुई माझी होती.

तिनं सही केली आणि कागद मार्था सिस्टरांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं. सहीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेकडे त्यांनी बघितलंच नाही. ‘सुई माझी होती’ याच्या बरोबर खाली, त्याच ओळीला लागून, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. मार्था शमुवेल पाटोळे.

डॉक्टर आत आले, कागद वाचला, दोघींकडे आळीपाळीनं बघितलं.  ते कागद घेऊन गेले.

गाडी सुरू झाली आणि घाटाकडे निघून गेली. आता तो कागद परत येणार नव्हता.

“चौकशी होईल,” हर्षदा म्हणाली. तिला भीती वाटत होती आणि ती लपवण्यात आता अर्थ नव्हता. “नोकरी राहील की नाही माहीत नाही. आणि ती गेली तर… ती गेली तर मी काय करू, सिस्टर?”

मार्था सिस्टरांनी पिशवी उचलली. आतून एक दुमडलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. अकरा दवाखान्यांची नावं होती, तारखा होत्या. शिकवणारीचं नाव लिहायची जागा अजून रिकामी असेल, असं हर्षदाला वाटलं. पण तिथे तिचंच नाव होतं. शाई वाळलेली होती. ते नाव त्यांनी केव्हा लिहिलं, काल इस्पितळातून आल्यावर की आज इथे बसल्याबसल्या, ते हर्षदाला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

“मला नको हे,” ती म्हणाली. “मी कोणत्या तोंडानं शिकवू?”

मार्था सिस्टर दारापर्यंत गेल्या. तिथे तीनच डबे उरले होते. त्या थांबल्या.

कॉटवर नवी चादर अर्धवट पसरलेली होती. तिची एक कड जमिनीला लागत होती.

“पहिला दवाखाना सोमवारी,” त्या म्हणाल्या.

हर्षदा त्या लोंबत्या कडेकडे बघत उभी होती…

“काय शिकवू त्यांना?”

“चादर घालायला शिकव,” मार्था सिस्टर म्हणाल्या. “उघड्या हातांनी.”